अंजिराच्या कुंड्या कमीच होत नाहीत: कुठली जात ठेवायची, कुठली काढायची

दरवर्षी तेच. पानं गळाली की सगळ्या कुंड्या एकदम डोळ्यावर येतात आणि "यंदा अर्ध्या कमी करायच्या" असं ठरतं, मग छाटणीत निघालेल्या काड्या फेकायचा जीव होत नाही, त्या "बघू लागतात का" म्हणून खोचल्या जातात, आणि अंजिराची काडी लागते पण पटकन, त्यामुळे पुढच्या सीझनला कुंड्या कमी व्हायच्या ऐवजी वाढलेल्याच. त्यात नवीन जातीचं नाव कानावर आलं, फोटोत लालभडक गर दिसला की हात आवरत नाही. जागा तेवढीच, ऊन तेवढंच, पाणी घालणारा माणूसही एकच.

माझ्या मते घोळ दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे आपण निर्णय चुकीच्या वेळी घेतो. पानं गळालेली असताना सगळी झाडं सारखीच दिसतात, नुसत्या काठ्या, मग कुठली काढायची हे आठवणीवर ठरतं आणि आठवण नेमकी शेवटच्या चांगल्या फळाची असते. निर्णय फळं झाडावर असताना घ्यायचा, तिथल्या तिथे टॅगवर लिहायचा आणि करवत पानगळीनंतर चालवायची. दुसरं म्हणजे कारण. फळ गळलं, आंबलं, पिकलंच नाही, यात दोष जातीचा की पाणी-खत-उन्हाचा हे वेगळं केलं नाही तर चांगली जात हातची जाते आणि तोच प्रॉब्लेम तिच्या जागी लावलेल्या नव्या झाडात परत येतो. जातीचा दोष तुम्ही काहीही केलं तरी जात नाही, बाकीचे जातात. काढायचं ते फक्त पहिल्या प्रकारातलं.

फळ धरतं आणि पिकायच्या आधी गळतं

ही सगळ्यात कॉमन तक्रार, आणि इथे आधी जातीचा प्रकार बघायचा, बाकी सगळं नंतर. आपण जे फळ म्हणतो त्याच्या आत शेकडो बारीक फुलं असतात. कॉमन प्रकारातल्या जाती परागीभवन न होताच फळ पिकवतात: सेलेस्त, ब्राऊन टर्की, मिशन, कडोटा, व्हायोलेट द बोर्दो, शिकागो हार्डी, सगळ्या यातल्या. स्मिर्ना प्रकाराला मात्र परागीभवन लागतंच, आणि ते करणारी ब्लास्टोफागा नावाची चिलटाएवढी गांधीलमाशी नर अंजिराच्या झाडावरच वाढते. माशी नाही, नर झाड नाही, तर स्मिर्नाची फळं लहान असतानाच सुरकुततात, पिवळी पडतात आणि खाली. कॅलिमिर्ना, म्हणजेच सारी लोप, ही त्यातली प्रसिद्ध जात. कॅलिफोर्नियात स्मिर्ना झाडं १८८० च्या दशकात आणली, झाडं मस्त वाढली पण फळं टिकेनात, आणि १८९९ मध्ये ही माशी तिथे स्थिरावली तेव्हा कुठे पीक हाती लागायला लागलं. मोठमोठ्या बागायतदारांना जे माशीशिवाय जमलं नाही ते आपल्याला कुंडीत खत बदलून जमणार नाही. माशी नसेल तिथे स्मिर्ना ठेवू नका, विषय संपला.

तिसरा प्रकार सॅन पेद्रो, आणि इथेच लोक जास्त फसतात. अंजिराला दोन बहार येऊ शकतात: पहिला गेल्या सीझनच्या जून फांदीवर, त्याला ब्रेबा म्हणतात, आणि दुसरा मुख्य बहार चालू सीझनच्या नव्या फुटीवर. सॅन पेद्रो प्रकारात ब्रेबा परागीभवनाशिवाय पिकतो पण मुख्य बहाराला माशी लागते. डेझर्ट किंग ही यातली जात. पहिली फळं छान पिकली म्हणून माणूस खूश होतो, दुसरी सगळी गळतात, मग पाणी वाढव, पोटॅश टाक, कुंडी बदल असं चालू होतं. झाडाचा काही दोष नाही, त्याचा स्वभावच तो. उन्हाळा छोटा आणि गार असेल तिथे डेझर्ट किंग ठेवण्यासारखीच आहे, कारण ब्रेबा लवकर तयार होतो. फक्त एक पथ्य, पानगळीत तिची जोरात छाटणी करायची नाही, ब्रेबाच्या कळ्या त्याच जून फांद्यांच्या टोकाकडे बसलेल्या असतात, त्या कापल्या की वर्षाचं पीक गेलं.

बी लावून आलेलं रोप असेल तर साधारण निम्मी रोपं नर निघतात. नराचं फळ वाढतं पण आत कोरडं, स्पंजासारखं, गोडी नाही. माशी आहे आणि स्मिर्नाही ठेवायचीय, तरच त्याला जागा, नाहीतर काढा.

आता जात कॉमन आहे याची खात्री आहे आणि तरी फळं गळतायत, तर झाडाला दोष देऊ नका, कुंडीत बोट घाला. वरची माती ओली आणि खाली मुळांचा गोळा कोरडा ठक्क, हे इतक्या वेळा सापडतं की पहिली तपासणी हीच करावी. कुंडीतून झाड उचकटून बघा, मुळं भांड्याच्या आकारात गोल गोल फिरलेली असतील तर पाणी कडेने वाहून जातंय. पानगळीत बाहेरचा थर कापून नवीन मिश्रणात भरा आणि एक अख्खा सीझन द्या, मगच ठरवा. सेलेस्तबद्दल खास सांगतो, पाण्याचा ताण आणि कडक ऊन एकदम आलं की ती फळं टाकते, जोरात छाटली तरी पीक घटतं, पण म्हणून तिला काढणारे नंतर हळहळतात.

फळ हिरवंच राहतं

अंजिराचं फळ एकसारखं वाढत नाही. आधी भराभर फुगतं, मग कित्येक आठवडे आहे तिथेच थांबतं, आणि शेवटच्या थोड्या दिवसांत एकदम फुगून, रंग बदलून मऊ होतं. मधल्या टप्प्यात माणसाला वाटतं झाड अडकलंय. अडकलेलं नसतं. म्हणून फळ दिसायला लागलं त्या दिवसाची तारीख फांदीला बांधलेल्या टॅगवर लिहून ठेवा, बॉलपेनने नाही, पेन्सिलने, पेन उन्हापावसात उडतं. पिकलं त्या दिवसाची तारीख खाली. हे दोन आकडे हातात असले की निम्मे वाद मिटतात.

उशिराची कारणं बहुतेक वेळा आपलीच असतात. नत्राचं खत जास्त झालं की झाड पानं आणि लांब फांद्या काढत बसतं, फळ मागे पडतं. दिवसाला सहा-आठ तास सरळ ऊन नसेल तर तेच. फांदीला पाच-सहा पानं आली की शेंडा खुडायचा, त्याने पानांच्या बेचक्यात फळं लवकर धरतात. हे सगळं करूनही लागोपाठ दोन सीझन थंडी पडेपर्यंत फळं हिरवीच लटकत राहिली, आणि शेजारच्या कुंडीतली दुसरी जात त्याच उन्हापाण्यात केव्हाच संपली, तर मग ती जात तुमच्या हवेला उशिराची आहे. पट्ट्यापट्ट्यांची पनाशे याचं ठळक उदाहरण, दिसायला अप्रतिम, गर पण सुंदर, पण तिला लांब आणि कडक उन्हाळा लागतो. शोभेसाठी ठेवायची तर खुशाल ठेवा, फळाच्या अपेक्षेने जागा अडवू देऊ नका.

आणि झाडाचं वय. काडीपासून केलेल्या झाडाची पहिल्या-दुसऱ्या वर्षाची फळं पुष्कळदा पाणचट, आतून पोकळ, कधी नुसता चोथा. त्यावरून जात ठरवायचीच नाही. तिसऱ्या वर्षाचं फळ, निदान वीस-पंचवीस लिटरच्या कुंडीतलं, त्यावर बोलायचं. घाईने काढलेल्या जातींमध्ये सगळ्यात जास्त अन्याय याच कारणाने होतो.

फळ पिकतंय पण आंबतंय किंवा फुटतंय

इथे मात्र जात खरंच महत्त्वाची, आणि माझ्यासाठी काढा-ठेवाचा सगळ्यात मोठा निकष हाच. फळ हातात घ्या, देठ वर धरा आणि बुडाकडून बघा. तिथे एक भोक असतं, त्याला तोंड म्हणू. काही जातींत ते बारीक खवल्यांनी घट्ट आवळलेलं असतं, सुई सुद्धा जाणार नाही, आणि काहींत पिकताना इतकं उघडतं की आतला लाल गर बाहेरून दिसतो. त्या उघड्या तोंडातून बारीक भुंगे आणि फळमाश्या आत जातात, सोबत यीस्ट आणि जिवाणू नेतात, आणि फळ झाडावरच आंबतं. आंबलेलं फळ ओळखायला कापावं पण लागत नाही. तोंडाशी फेसाळ बुडबुडे, खाली ओघळलेला पातळ रस, आणि जवळ नेलं की व्हिनेगरचा भपकारा. कापलं तर गराचा रंग उडालेला, मधोमध पाणी झालेलं.

पावसात किंवा दमट हवेत फळ पिकत असेल तर घट्ट तोंडाची जात घ्या आणि उघड्या तोंडाची चव कितीही आवडत असली तरी सोडा. सेलेस्तचं तोंड आवळलेलं असतं, फळ लहान पण पावसात तगतं. कडोटाच्या तोंडाशी चिकट थेंब येऊन बसतो, किड्यांना वाट मिळत नाही. बाजारू ब्राऊन टर्कीची मोठी, उघड्या तोंडाची फळं कोरड्या हवेत झकास आणि ओल्यात डोकेदुखी. म्हणजे तीच जात एका ठिकाणी हिरो आणि दुसरीकडे कचरा, त्यामुळे दुसऱ्या कोणी "बेस्ट" म्हटलं म्हणून ठेवू नका आणि "बेकार" म्हटलं म्हणून काढू नका, त्याच्याकडे फळ पिकताना हवा कशी असते ते आधी विचारा.

फुटण्याचं थोडं वेगळं आहे. पिकायला आल्यावर कुंडी सुकली आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं की कुठलीही जात फुटते. पाणी थोडं थोडं, रोज सारखं ठेवून बघा. त्यानंतरही नुसत्या हलक्या सरीने तोंडापासून देठापर्यंत चिरत असेल तर काढायच्या यादीत नाव लिहून ठेवा. सालीवर बारीक भेगा पडणं हे फुटणं नाही बरं का, ते पिकल्याचं लक्षण आहे, त्यावर आनंदच मानायचा.

पानं वाकडी, पिवळे डाग

अंजिराचा मोझॅक. विषाणूजन्य, बरा होत नाही, काड्यांमधून पसरतो आणि डोळ्यांना न दिसणारी कोळी जातीची कीडही तो पसरवते. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातून याचं पहिलं नीट वर्णन झालं, आणि आज घरोघरच्या अंजिरांत तो इतका पसरलेला आहे की डाग दिसला की झाड काढ असा नियम लावला तर बहुतेकांकडे काहीच उरणार नाही. अन्नद्रव्याची कमतरता असेल तर पिवळेपणा शिरांच्या मधे, पानाच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखा असतो. मोझॅकमध्ये डाग कसेही, एका बाजूला जास्त, कडेला तांबूस रेघ, आणि कधीकधी अर्धं पान आखडून गेलेलं. मी डागावर निर्णय घेत नाही, वाढीवर घेतो. झाड जोमात आहे, हात हातभर फूट येतेय, फळं धरतायत, तर डागांकडे दुर्लक्ष. दोन सीझन चांगलं खतपाणी देऊनही वीतभरच्या वर सरकत नाही, फळं पण टाकतं, तर त्याला निरोप द्या, आणि त्याच्या काड्या कोणालाही देऊ नका. इस्किया ब्लॅक या बाबतीत बदनाम आहे, चव उत्तम पण झाड रखडलेलं.

तांबेऱ्यावर जास्त लिहीत नाही. ओल्या हवेत तो सगळ्याच जातींवर कमीजास्त येतो, पानांच्या मागे तांबूस पूड दिसते, पानं लवकर गळतात. गळालेली पानं गोळा करा, हवा खेळती ठेवा. फळं पिकायच्या आधीच दरवर्षी पूर्ण झाड उघडं होणारी जात असेल तरच ती काढायच्या यादीत घ्या. मुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमी, तिथे जातीपेक्षा मातीचा प्रश्न आहे, त्या कुंडीची माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत टाकू नका.

एकच जात तीन नावांनी

सगळ्यात विनादुःख काढण्याची जागा ही. नेग्रोन आणि व्हायोलेट द बोर्दो एकच. कडोटा आणि दोत्तातो एकच. कॅलिमिर्ना आणि सारी लोप एकच. आणि उलटंही आहे, ब्राऊन टर्की या एका नावाखाली वेगवेगळ्या जाती फिरतात. शिकागो हार्डीच्या आजूबाजूला "माउंट एटना" म्हणून ओळखला जाणारा एक मोठा गट आहे, त्यातल्या जातींत फरक शोधायला भिंग लागेल. सारख्या आकाराच्या कुंड्या शेजारी शेजारी ठेवा, पानाचा आकार, फळाचा रंग, तोंड, पिकण्याची तारीख आणि चव एक पूर्ण सीझन मिळवून बघा. सगळं जुळलं तर जोमदार झाड ठेवा, दुसरं कोणाला तरी देऊन टाका. लेबल काय म्हणतं याला काही अर्थ नाही, लेबलं अदलाबदल होतात.

चव

अंजीर तोडल्यावर नीट पिकत नाही, त्यामुळे कच्चं तोडून जातीला नापास करणं हा शुद्ध अन्याय. मान लुळी पडून फळ खाली लोंबायला हवं, दाबल्यावर मऊ, आणि देठ तोडल्यावर पांढरा चीक गळायला नको. चीक आला म्हणजे घाई झाली. जोराच्या पावसानंतर लगेच चाखू नका, सगळीच पाणचट लागतात. जमेल तेव्हा दोन-तीन जातींची फळं एकाच दिवशी कापून, नाव न सांगता, घरच्यांना द्या. मार्कांचा तक्ता करण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, गोडीला इतके, आकाराला इतके असं करून शेवटी सगळ्यांना सारखेच मार्क पडतात. त्यापेक्षा बघा की फळं पिकायच्या दिवसांत सकाळी पाय आपोआप कुठल्या झाडाकडे वळतात, आणि कुठल्या झाडावरची फळं पक्ष्यांनी खाल्ली तरी तुम्हाला फार वाईट वाटत नाही. दुसऱ्या प्रकारातलं झाड गेलं तरी चालतं.

ठेवताना मात्र सगळी एकाच चवीची ठेवू नका. बेरीसारखी आंबटगोड लाल गराची एक, मधाळ पिवळसर गराची एक, लवकरची एक, उशिराची एक, आणि पक्ष्यांचा त्रास फार असेल तर पिकूनही हिरवीच दिसणारी एक, गडद रंगाच्या फळांकडे पक्ष्यांचं लक्ष आधी जातं. बरोबरीचा सामना झाला तर घट्ट तोंडवाली ठेवायची. बाल्कनीतल्या माणसाला चार-पाच झाडं नीट सांभाळता आली तर ती अर्धपोटी पंधरा झाडांपेक्षा जास्त फळ देतात, मोठी कुंडी आणि पुरेसं ऊन मिळतं म्हणून.

काढायचं म्हणजे काय करायचं

जात नको पण झाडाचं खोड आणि मुळं दणकट आहेत, तर उपटायची गरजच नाही. सुप्तावस्था संपता संपता, डोळे फुगायला लागले की खोड कापून त्यावर आवडत्या जातीचं पाचर कलम करा. एक जुनी फांदी कलम जीव धरेपर्यंत ठेवा, नंतर ती काढा, आणि खालून फुटणारी जुन्या जातीची फूट दिसेल तशी खुडत राहा, नाहीतर तीच वर चढते. दोन जातींचं एक झाडही करता येतं, फक्त जोमदार जात दुसरीला दाबते, तिची छाटणी जरा जास्त करावी लागते. मोझॅकने रखडलेल्या झाडावर मात्र कलम करू नका, विषाणू वरच्या जातीत जातो.

मन अजून कचरत असेल तर एकच काडी, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, कोणा दुसऱ्याकडे लावायला द्या आणि घरचं झाड काढा. स्वतःकडे बॅकअप ठेवायचा नाही, कारण बॅकअप म्हणजे पुन्हा कुंडी. देताना जातीसोबत का काढली तेही सांगा, "पावसात आंबते" एवढं जरी सांगितलं तरी कोरड्या हवेतल्या माणसाला ती सोन्यासारखी असू शकते.

छाटताना हातमोजे आणि लांब बाह्या. अंजिराचा चीक अंगाला लागून त्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, काळे डाग पुढे बरेच दिवस जात नाहीत. उन्हं उतरल्यावर कापा, आणि निघालेल्या काड्या त्याच संध्याकाळी बारीक तुकडे करून टाका, सकाळपर्यंत बादलीत पाण्यात ठेवल्या तर त्या लावल्या जाणारच.